बिनदारूचं कॉकटेल

दुपारी एक-दीडचा सुमार झाला की फ्रेजरपुऱ्याच्या त्या बोळीत खडखड असा आवाज सुरू व्हायचा. थोडा वेळ खडखड, मग शांत, मग पुन्हा खडखड. बोळीत नवा आलेला माणूस दचकायचा. जुने लोक कूससुद्धा बदलत नसत. देवमन तायडे क्लबातून घरी आला, एवढाच त्याचा अर्थ.

"लागले खुळखुळा वाजवाले," असं त्याची बायको चतुराबाई म्हणायची आणि तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळायची. बाहेर उन्हानं छपराचे कवेलू तापलेले, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली, आणि हा बाबा चुलीपुढं पांढरा कोट घालून उभा, दोन्ही हातांत पेयं मिसळायचा चकचकीत शेकर धरून कानाशी हलवतो आहे. घरात कोट कशाला, असं तिनं एकदा विचारलं होतं. "कोटाबिगर हात चालत नाई," तो म्हणाला. आता अशा माणसापुढं कोणी काय डोकं फोडायचं?

कॅम्पातल्या क्लबात देवमननं अठरा वर्षं बार सांभाळला. लागला तेव्हा गोरे साहेब होते, मग आपले साहेब आले, दारू तीच राहिली. त्याला शिकवलं डिसोजा नावाच्या गोवेकर बटलरनं. डिसोजा सांगायचा, पहिल्या घोटाला साहेब काय बोलतो ते ऐकू नकोस, त्याच्या भिवया बघ. तोंड सभ्यपणानं खोटं बोलतं, भिवयांना ते जमत नाही. देवमननं दारू कधी ढोसली नाही. पण बारवाल्याला मिसळलेलं पेय चमच्याच्या टोकानं चाखून बघावंच लागतं, ते तो बघायचा. टोक जिभेला लागलं की त्याला कळायचं, लिंबू दोन थेंब जास्त झालं का साखर कमी पडली. या जिभेचा त्याला फार अभिमान होता.

छप्पन साली दसऱ्याला देवमन आणि चतुराबाई पांढरे कपडे घालून नागपूरला गेले आणि लाखो माणसांत उभं राहून दीक्षा घेऊन आले. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता, असं चतुराबाई सांगायची. परतीच्या गाडीत मात्र स्वारी गप्प. बडनेरा जवळ आलं तेव्हा म्हणाला, "चतुरा, चमच्याचं टोक म्हंजे बी पेणंच झालं ना वं?"

"झालंच," ती म्हणाली. विषय संपला.

नोकरी सोडून चालणार नव्हतं, पोरगी शालू शाळेत होती. तेव्हा पुढची अडीच वर्षं देवमननं न चाखता दारू मिसळली. नाकाच्या, डोळ्यांच्या आणि बर्फाच्या आवाजाच्या भरवशावर. एकाही मेंबरच्या भिवया चुकीच्या बाजूला गेल्या नाहीत. पण त्याचं मन लागेना. पंगतीला वाढून वाढून स्वतः उपाशी घरी यावं, तसं त्याला रोज व्हायचं.

मग दारूबंदी आली. सरकारी माणसांनी येऊन बारच्या कपाटांना लाखेची सीलं ठोकली. क्लबातले मेंबर घरचं माणूस गेल्यासारखे व्हरांड्यात बसून होते. सेक्रेटरीनं देवमनला बोलावून सांगितलं, आता सकाळी टेनिसवाल्यांना लिंबूपाणी द्यायचं आणि दुपारी घरी जायचं. शेकर आणि कडा उडालेले, लांब दांडीच्या पायाचे सहा गिलास घेऊन जा, इथं धूळच खातील. देवमननं खाली मान घालून हो म्हटलं, सायकलला टांग मारली आणि फाटकाबाहेर आल्यावर त्याला हसू फुटलं. आता तो जे मिसळणार होता, ते त्याला चाखता येणार होतं. त्या दिवशी तो लग्नाहून आल्यासारखा घरी आला.

झालं, तेव्हापासून चतुराबाईच्या चुलीपाशी क्लब उघडला. उरलेला बर्फाचा खडा गोणपाटात गुंडाळून देवमन सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचा आणि कोट न काढताच कामाला लागायचा. चुलीत भाजलेली कैरी, पुदिना आणि गूळ. अंबाडीची लाल बोंडं, आलं आणि चिमूटभर मिरपूड. संत्र्याची साल पिळून तिचा नुसता फवारा. गिलासाच्या कडेला लिंबू फिरवून तो गिलास तिखट-मिठात उलटा करायचा, म्हणजे ओठाला आधी तिखट लागावं आणि मागून गोड यावं. सगळंच जमायचं असं नाही. एकदा त्यानं कवठाचा गर, गूळ आणि गोटीच्या बाटलीतला सोडा एकत्र करून शेकर हलवला. सोडा हलवायचा नसतो हे डिसोजानं सतरादा सांगितलं होतं. झाकण उडून कवेलूंना लागलं आणि कवठ चतुराबाईच्या कुरडयांच्या चिकावर पडलं. त्या वर्षीच्या कुरडया तपकिरी निघाल्या. चवीला झकास होत्या, असं देवमनचं एकट्याचं मत.

त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारची जाईबाई. सत्तरीची म्हातारी, तोंडाची फटकळ. "हे काय पाणी हाय का औषीद," असं म्हणतच गिलास रिकामा करायची. देवमन तिच्या बोलण्याकडे लक्षच द्यायचा नाही. डावी भिवई वर गेली की तो खूश. दीक्षा घेण्याआधी जाईबाई घरामागं काय गाळायची हे बोळीत सगळ्यांना माहीत होतं. आता तो विषय कोणी काढत नसे आणि ती तर मुळीच काढत नसे.

साठ सालच्या उन्हाळ्यात शालूची सोयरीक जमली. मुलगा अकोल्याचा, सूर्यभान इंगळे, शाळामास्तर. शालूनं त्याला एकदाच पाहिलं, आणि त्यानं तिला कोणती पुस्तकं वाचता असं विचारलं. त्या दिवसापासून पोरगी भाकरी थापताना गुणगुणायला लागली. चतुराबाई ते ऐकून स्वतःशीच हसायची. देवमनलाही हे घर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे मुलाचा बाप.

बुधाजी इंगळे गिरणीत कामाला होता. एके काळी गिरणीचा भोंगा झाला की पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे त्याचे. दीक्षा घेतली त्याच आठवड्यात त्यानं वस्तीतली हातभट्टीची मडकी स्वतःच्या हातानं फोडली, आणि पहिलं मडकं फोडलं ते सख्ख्या भावाचं. असा माणूस. देवमन क्लबात बारवर होता हे कळल्यावर तो बराच वेळ मिशी चोळत बसला होता. "पोरगी सोन्यावानी हाय," तो शेवटी म्हणाला, "पन देवमनजी, तुमच्या घरात थेंब दिसला त सोयरीक मोडली समजा. मंग कोनी मधात पडायचं नाई."

"थेंब काय, वास बी नाई येनार," देवमन म्हणाला. वासाचं त्यानं बोलायला नको होतं.

आता लग्नात काय पाजायचं, हे देवमनच्या डोक्यात घुसलं. लिंबू, कैरी ही रोजचीच. पोरीच्या लग्नाला असं काही पाहिजे की पाव्हणे अकोल्याला गेल्यावरही त्याचं नाव काढतील. चतुराबाईचा भाऊ देवराव मेळघाटाच्या पायथ्याशी राहायचा. त्यानं थैलीभर मोहाची वाळलेली फुलं पाठवली, भाकरीत घालायला. देवमननं एक फूल तोंडात टाकलं आणि जागच्या जागी थांबला. मनुकेपेक्षा गोड, आणि मागं जंगलाचा काहीतरी वास. ठरलं. त्यानं मडकंभर फुलं पाण्यात भिजवली, त्यात वेलदोडा, बडीशेप, चारोळी आणि लिंबाच्या फोडी टाकल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं चुलीमागच्या उबेत ठेवून दिलं. "फडकं सोडू नको," त्यानं बायकोला बजावलं. "लग्नाचं हाय."

नेमके क्लबात टेनिसचे सामने लागले. दोन दिवस देवमन सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा आणि अंथरुणाला पाठ टेकायचा. मडकं आपलं चुलीमागं. दुसऱ्या दिवशी चतुराबाई म्हणाली, "काहो, त्या मडक्याले कायतरी वास येऊन राहिला."

"फुलाले वास येत नाई त काय येते? अठरा वर्सं बारवर काढली मी. मले शिकवू नको."

खरी गोम इथंच होती. या माणसाला बाटल्यांवरची नावं तोंडपाठ, कोणती विलायतेहून आली आणि कोणती नाशकाहून हे तो डोळे मिटून सांगायचा. पण त्याची सगळी दारू बूच लावून, लेबल चिकटवून आलेली. आपल्याच वस्तीत मोहाची दारू भट्टीवर गाळतात एवढंच तो ऐकून होता; फुलं उबेत नुसती भिजवली तरी ती आंबून चढतात, हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. क्लबात अठरा वर्षं उभ्या असलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल असं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. सांगू शकली असती ती जाईबाई. ती लेकीकडे चांदुरला गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी देवमन घरी येऊन कोटाच्या बाह्या सारख्या करतो आहे, तोच दारात बुधाजी आणि त्याची बायको माणिकबाई. न कळवता आले होते, लग्नाची तारीख पक्की करायला. माणिकबाईच्या हातात शालूसाठी आणलेलं पातळ होतं. चतुराबाईची धांदल उडाली. सतरंजी टाकली, शालूनं पाणी आणलं. बुधाजीनं गिलास ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. त्यानं नाक वर केलं. एकदा उजवीकडे हुंगलं, एकदा डावीकडे.

"देवमनजी, घरात काय ठेवलं हाय?"

देवमनची छाती फुगली. "तुमाले लग्नातच दाखवनार होतो. पन आले हाय त पाहून घ्या." आणि तो आत जाऊन दोन्ही हातांनी मडकं उचलून घेऊन आला, व्याह्याच्या पुढ्यात ठेवलं आणि फडकं सोडलं.

मडक्यातून फेस वर आला. मागोमाग वास आला, आणि तो वास त्या खोलीत कोणाला ओळखू आला नाही असं झालं नाही. अगदी शालूलाही. ती हातात तबक धरून दारातच उभी राहिली.

बुधाजी उठला. आवाज चढवला नाही त्यानं. टोपी डोक्यावर ठेवली. "हा वास मी पंधरा वर्सं घेतला हाय," तो म्हणाला. "पोरीचा काई दोस नाई. पन या घरात आमची सोयरीक होत नाई. चल वं." माणिकबाई पातळ हातात घेऊन उठली. ते ठेवावं की परत न्यावं हे तिला कळेना, ती शालूकडे बघत राहिली.

देवमन मडक्यावर वाकला. नीट, बारवर वाकायचा तसा. नाकानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं मडकं उचललं, अंगणात गेला आणि सगळ्यांच्या देखत कडुलिंबाच्या झाडाखाली ओतून दिलं. वास बोळभर झाला. दारादारांतून माणसं बाहेर आली.

"चूक माही हाय," देवमन म्हणाला. "मी शरबत करून राहिलो होतो. हे असं होते, मले मालूम नव्हतं."

"अठरा वर्सं दारू वाढली अन् मालूम नाई?" बुधाजी म्हणाला. "कोनाले सांगता?"

गर्दीतल्या दोन-चार माना हलल्या. बुधाजीचं काय चुकलं होतं? देवमनला स्वतःलाच आपलं बोलणं खोटं वाटत होतं.

तेवढ्यात स्टँडवरून चालत जाईबाई आली. डोक्यावर बोचकं, अंगावर धूळ. बोळीत गर्दी आणि नाकात तो वास. तिनं बोचकं खाली टाकलं, झाडाखाली जाऊन उकिडवी बसली आणि काडीनं तो चोथा उकरायला लागली. मग तिनं मान वर केली.

"देवमन, बह्यताडा, यात लिंबू कोनं टाकलं?"

"मीच."

"अन् हे बडीसोप? हा इलायची-दोडा?"

"मीच जाईबाई."

जाईबाई कमरेवर हात ठेवून उठली आणि बुधाजीपुढं उभी राहिली. आता ती काय बोलणार हे बोळीतल्या सगळ्यांना कळलं. "इवाईबुवा, मी जाईबाई. ईस वर्सं मी मोहाची गाळली. नवरा मेल्यावर दोन लेकी त्याच्यावर वाढवल्या. छप्पन साली भट्टी मोडली, मंग हात नाई लावला. तुमी मले जे म्हनायचं ते म्हना. पन ईस वर्सांत मी मोहात चारोळी टाकनारा मानूस नाई पाह्यला. हे दारू गाळनाऱ्याचं काम नोय. हे येड्याचं काम हाय. याले साधी दारूबी करता येत नाई."

मडकी फोडणाऱ्या माणसापुढं उभं राहून म्हातारी हे बोलली. चार वर्षं झाकून ठेवलेलं तिनं देवमनच्या पोरीसाठी चव्हाट्यावर मांडलं. देवमननं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

 बुधाजी झाडाखाली गेला, बसला, आणि जाईबाईनं टाकलेल्या काडीनं स्वतः चोथा उकरून पाहिला. लिंबाची फोड निघाली. चारोळीचे दाणे निघाले. वेलदोडा त्यानं बोटांत धरून बराच वेळ न्याहाळला. पंधरा वर्षं प्यायलेला माणूस तो, त्याला असला वेलदोडा कधी भेटला नव्हता. मिशीखाली काहीतरी हललं.

"पन हे उद्योग कराले सांगितलं कोनं तुमाले?" त्यानं विचारलं. "बार बंद झाला, सुटले. मंग घरी काहून?"

देवमननं खरं ते सांगून टाकलं. "दीक्षा घेतल्यावर अडीच वर्सं मी लोकायले देल्लं, पन जिभेले लावलं नाई. आपल्याच हातचं कसं लागते ते मले मालूम नव्हतं. बार बंद झाला तवा मले वाटलं, आता मले बी पेता येईन. दुसरं काई नाई, बुधाजीभाऊ. मले माह्या हातचं पेयाचं होतं."

बुधाजीनं टोपी काढली. पुन्हा आत आला, सतरंजीवर बसला. माणिकबाईही बसली, पातळ मांडीवर घेऊन. "करा मंग," तो म्हणाला. "माह्यासमोर करा. मोह सोडून."

देवमननं कोटाची बटणं लावली. चुलीत सकाळी भाजलेली कैरी होती. तिचा गर, गूळ, पुदिन्याची चुरगळलेली पानं, भिजलेला सब्जा.  शेकर कानाशी नेला, बर्फ आत खडखडायला लागला. दारात उभी असलेली सगळी बोळ तो आवाज ऐकत होती. पायाच्या गिलासाच्या कडेला तिखट-मीठ, वरून संत्र्याच्या सालीचा फवारा. त्यानं गिलास दोन्ही हातांनी व्याह्यापुढं धरला.

बुधाजीनं तो घेतला नाही. "आधी तुमी घ्या," तो म्हणाला.

त्याला खात्री करून घ्यायची होती, दुसरं काही नाही. पण देवमन गिलास धरून तसाच उभा राहिला. अठरा वर्षांत त्यानं किती गिलास किती जणांपुढं धरले असतील. आधी तू घे, असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. बस, असंही नाही.

त्यानं घोट घेतला. तिखट, मग आंबट, मग गोड, आणि मागं धुराचा वास. छान झालं होतं. एवढं छान झालं होतं की त्याला हसू आवरेना. मग बुधाजीनं तोच गिलास त्याच्या हातातून घेतला आणि प्याला. "ठीक हाय," तो म्हणाला. देवमन त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हता. दोन्ही भिवया कपाळाला जाऊन भिडल्या होत्या. माणिकबाईनं नवऱ्याला न विचारता शालूला जवळ बोलावलं आणि पातळ तिच्या हातात दिलं.

लग्न अकोल्याला करायचं, असा बुधाजीनं हट्ट धरला. पाहुणचार कसा असतो ते आमच्या वस्तीलाबी पाहू द्या, असं त्याचं म्हणणं. जेठातल्या उन्हात तायड्यांचं वऱ्हाड बडनेऱ्याहून गाडीत बसलं. शेकर देवमनच्या मांडीवर आणि गिलास जाईबाईच्या बोचक्यात लुगड्यांत गुंडाळलेले. "फुटले त मले म्हनू नको," असं ती दर स्टेशनाला म्हणत होती. अकोल्यात मांडव पडला. शालू-सूर्यभान पांढऱ्या कपड्यांत उभे राहिले, सगळ्यांनी पंचशील म्हटलं. पाचव्या शीलाला देवमनचा आवाज पुन्हा सगळ्यांत मोठा, आणि त्याच्या खालोखाल बुधाजीचा.

मग देवमन कामाला लागला. मांडवाच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर बर्फाच्या लाद्या भुशात, कैऱ्यांच्या गरानं भरलेले मोठाले गंज, अंबाडीचं लालभडक पाणी. गिरणीतले लोक रांग लावून उभे. खडखड थांबतच नव्हती. एक म्हातारा तिसऱ्यांदा रांगेत आला आणि दबक्या आवाजात बुधाजीला म्हणाला, "तुहा इवाई क्लबातला ना? खरं सांग, यात काय टाकते तो?" बुधाजीनं त्याला गंजाशी नेऊन वाकवलं आणि हुंगायला लावलं.

ऊन कलल्यावर रांग संपली. देवमन फडक्यानं टेबल पुसत होता, तेव्हा बुधाजी दोन गिलास घेऊन आला. शेकर त्यानं स्वतःच हलवला होता, त्यामुळं अर्धं त्याच्या सदऱ्यावर होतं. त्यानं पायानं एक खुर्ची पुढं सरकवली आणि एक गिलास देवमनपुढं धरला.

"बसा," तो म्हणाला. "आधी तुमी."

देवमननं कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसला. पुदिना जास्त झाला होता, गूळ विरघळलाच नव्हता. तो सगळा गिलास प्याला.